एजंटबाईंची वही: पाचातले चार तारे

ज्या एजंटमुळं आपल्या खिशातनं सहा लाख जादा गेले, तिला तारे किती द्यायचे? या एका प्रश्नापायी मी हे लिहायचं वर्षभर टाळत होतो. परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं, "पेठेत जुनं घर बघायलोय, कुणाकडं जाऊ?" आणि माझ्या तोंडातनं बाईंचं नाव गेलं. विचार न करता गेलं. मग म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

नाव इथं देत नाही, त्यांनीच बजावलंय. "गर्दी झाली की मला झेपत नाही, आणि झेपलं नाही की मी चुकतो," असं त्या म्हणतात. खूण सांगतो. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर माळा आहे. चढायला लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला. वर एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टूल. बोर्ड नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. माझं लेथचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन पोरं कामाला. पंपाचे शाफ्ट, बुश, फाउंड्रीवाल्यांची किरकोळ कामं. चार पैसे उरले की लोक एफडी करतात, सोनं घेतात; मी जुनी घरं घेतो. एका वेळी एकच. घ्यायचं, पाण्याचे पाइप आणि वायरिंग नवं करायचं, रंग मारायचा, भाड्यानं द्यायचं, पाच-सहा वर्षांनी जमलं तर विकायचं. बिल्डर म्हणावं असं काही मी केलेलं नाही.

पहिला व्यवहार २०१९ चा, तो एजंटाशिवाय केला. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, नागाळा पार्क, काय काय पाण्यात होतं ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. दिवाळीच्या तोंडावर शाहूपुरीच्या सखल बाजूला तळमजल्यावरचा एक वन बीएचके विकायला निघाला. मालक निवृत्त शिक्षक. भिंतीला ओल, कपाटं फुगलेली, सरांचा धीर सुटलेला. मी गेलो आणि त्यांच्या भीतीला वारा घातला. "सर, हे आता दरवर्षीचंच. इकडच्या घरांना बँका कर्ज द्यायचं बंद करणार आहेत. पुढं गिऱ्हाईकच मिळणार नाही." बँकांचं मी कुठनं ऐकलं होतं? कुठनंच नाही. उभ्या उभ्या सुचलं, बोललो. सर अडीच लाखांनी खाली आले.

माझं खोटं दोन वर्षांत खरं झालं. जुलै २०२१ मध्ये नदी ५६ फुटांवर गेली, आणि माझ्या त्या फ्लॅटमध्ये २०१९ पेक्षा वीतभर जादा पाणी चढलं. भाडेकरूला आदल्या दिवशीच हलवलं होतं म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. सरांचा. "आत किती आलंय हो? मीटरचं कनेक्शन काढलंय न्हवं? आमच्या वेळी शॉर्ट झालेलं. पाणी उपसायला माझ्याकडं छोटा पंप हाय, पाठवू काय?" मी "नको सर, झालंय सगळं" म्हणून फोन ठेवला. सकाळी रंकाळ्यावर ते समोरनं येताना दिसले की मी अजून वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो.

तर असा माणूस २०२३ च्या मार्चमध्ये बाईंच्या माळ्यावर गेला.

त्या आधी एका बाँड रायटरकडं, म्हणजे खरेदीचे दस्त लिहून देणाऱ्याकडं, एकोणीस वर्षं लिहायला होत्या. त्यामुळं कागद कुठं सडतो ते त्यांना वासावरनं कळतं. फी एक टक्का, आणि ती एकाच बाजूकडनं. जो आधी येईल त्याच्याकडनं घेतात आणि दुसऱ्याला पहिल्या भेटीतच तोंडावर सांगतात, "मला पैसे हे देणार आहेत." बाजारात दोन्हीकडनं खाणारे आणि दोघांनाही 'मी तुमच्याच बाजूचा' म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. दुसरं म्हणजे हा टक्का विकणाऱ्यानं पहिल्यांदा जो आकडा तोंडातनं काढला त्याच्यावर. पुढं भाव चढो की उतरो, बाईंची फी हलत नाही. याचं महत्त्व मला पुढं कळलं.

आणि ती वही. व्यापारी दिवाळीला पूजतात तसली लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका व्यवहाराला समोरासमोरची दोन पानं. डावं पान विकणाऱ्याचं, उजवं घेणाऱ्याचं. दोन्हीकडं वर एकच ओळ: 'या मिळकतीबद्दल मला ठाऊक आहे ते'. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, खाली दोघांच्या सह्या. हे झाल्याशिवाय बाई संचकार, म्हणजे बयाणा, घेऊ देत नाहीत. मी विचारलं, कोर्टात याला काय किंमत? "ते वकिलाला विचारा. मला तुमचं अक्षर पाहिजे. खोटं लिवताना माणसाचा हात थांबतोय, बोलताना थांबत न्हाई."

घर मंगळवार पेठेतलं. मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटं. बोळ एवढा अरुंद की समोरनं दुसरी मोटारसायकल आली तर एकानं मागं घ्यायची. मातीच्या भिंती, वर कौलं, मधल्या सोप्यात एक लाकडी झोपाळा. मालकीण अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. मालक जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, मुलगी इचलकरंजीला. मुलीकडं राहायला जायचं म्हणून विकायला काढलेलं. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. मावशींनी सांगितलं, "हजार फूट जागा हाय, छत्तीस लाख." हजारामागं छत्तीस, म्हणजे फुटाला छत्तीसशे. त्या बोळाला रास्त वाटलं.

घरामागं एक परडं. परड्यात कढीलिंबाचं झाड, धुण्याचा दगड, आणि शेजाऱ्याच्या दोन मोटारसायकली. पूर्वी तिथं त्यांच्याच म्हशी असायच्या. मावशी म्हणाल्या, परडं शेजाऱ्याचं, आपण फक्त कढीलिंब तोडतो.

त्या रात्री मी ऑनलाइन मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढली. महापालिका हद्दीतल्या कार्डाला तेव्हा १३५ रुपये होते, डिजिटल सहीची प्रत मिळते. बी वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर बरोबर, मावशींच्या मालकांचं नाव बरोबर. क्षेत्र १३३.८ चौरस मीटर. मी कॅल्क्युलेटर घेतला. १,४४० चौरस फूट. दुसऱ्या दिवशी 'जरा कपाटाचं माप घेतो' म्हणून टेप घेऊन गेलो आणि घर मोजलं. हजाराला चार-पाच फूट कमी. परडं पायानं मोजलं, साधारण चारशे चाळीस. आमच्या धंद्यात माप चुकत नाही. परडं मावशींचंच होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

मी ती प्रत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि वर जॉब कार्डांचा गठ्ठा ठेवला. बायकोलासुद्धा बोललो नाही. लॉटरी लागल्यावर माणूस जसा गप्प बसतो तसा बसलो.

शनिवारी वहीची बैठक. मावशी अजून यायच्या होत्या. माझं पान समोर. मी लिहिलं, 'घर बघितले. दुरुस्तीचा खर्च अंदाजे पाच लाख. इतर काही माहिती नाही.' बाईंनी वाचलं. टेबलाच्या खणातनं एक कागद काढला. तीच मिळकत पत्रिका, १३३.८ खाली लाल रेघ.

"टेप आणलाय का बरोबर?" एवढंच विचारलं.

माझे कान तापले. मी उलट चढलो. म्हटलं, मॅडम, पैसे तुम्हाला मी देतोय, का त्या? "तुम्हीच देताय. म्हणून तर आधी तुमच्यापाशी बोललो. आक्कांना मी सांगणार न्हाई. तुम्ही सांगायचं."

मग त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत डकवलेला एक कागद दाखवला. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, कलम ५५. मी हे कलम ऐकून होतो, विकणाऱ्यानं मिळकतीतला छुपा दोष सांगितला पाहिजे एवढ्यापुरतं. त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक बंधन आहे, ते पाचव्या पोटकलमात. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दल घेणाऱ्याला अशी एखादी गोष्ट ठाऊक असेल, जी विकणाऱ्याला ठाऊक नाही असं मानायला कारण आहे आणि जिच्यामुळं त्या हक्काची किंमत बरीच वाढते, तर घेणाऱ्यानं ती सांगितली पाहिजे. आणि कलमाच्या शेवटी लिहिलंय की न सांगणं म्हणजे कपट. चार वर्षं मी घरं घेत-बघत होतो, तीन वकिलांना फी दिली होती, पण हे पोटकलम मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. वकिलांची तरी काय चूक? मी त्यांना 'मला धोका काय' एवढंच विचारत आलो.

मी म्हटलं, मग उद्या मला कळलं की या बाजूनं रस्ता रुंद होणार आहे, तर तेही सांगायचं? "ते कायदा मागत न्हाई. बाजारभाव, रस्ता, कोण शेजारी येणार, ते ज्याचं त्यानं बघावं. पण तिची जागा किती हाय, तिचा हक्क कुठवर जातोय, ते तुमच्या खिशात आणि तिला पत्त्या न्हाई, हे चालत न्हाई." हा फरक मी नीट लक्षात ठेवलाय, कारण पुढं मी त्यात उलट्या बाजूनं घसरलो. ते येईलच.

मावशी आल्या. मी सांगितलं. सांगताना घसा कोरडा पडला हे कबूल करतो. त्यांना आधी समजलंच नाही. कार्डावरच्या आकड्यावर बोट ठेवून बाईंनी पुन्हा सांगितलं. मावशी थोडा वेळ कार्डाकडं बघत राहिल्या आणि मग खळखळून हसल्या. "म्हंजे तीस वर्षं त्यांची म्हसरं आमच्यात बांधायला होती व्हय! आणि मी कढीलिंब विचारून तोडत होतो!"

शेजारी तीस वर्षं वापरतोय म्हटल्यावर नवा घोर. बारा वर्षं उघड, मालकाला न जुमानता कब्जा असला की माणूस मालकी सांगायला उठतो. बाई दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजोबांना भेटल्या. आजोबा सरळ. "परडं त्यांचंच. म्हातारबानं म्हशी बांधायला दिलतं, भाडं कधी घेतलं न्हाई." म्हणजे परवानगीनं वापर, कब्जाचा हक्क नाही. बाईंनी तेवढं त्यांच्याकडनं लिहून घेतलं आणि मोजणीला अर्ज टाकायला लावला. मोटारसायकलींना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या अजून कधी कधी तिथं असतात, तो भाग वेगळा.

भाव पुन्हा निघाला. इचलकरंजीच्या मुलीनं फोनवर सरळ हिशेब मांडला, चारशे चाळीस गुणिले छत्तीसशे, पंधरा लाख चौऱ्याऐंशी हजार वर. मी म्हटलं, परड्याला स्वतंत्र वाट नाही, घरातनंच जावं लागतं, त्याला पुढच्या जागेचा दर कसा लागेल? या सगळ्यात बाई एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीतनं खाली झेरॉक्सची रांग बघत बसल्या. मला त्यांचा राग आला होता. एक टक्का घेऊन गप्प बसायचं? शेवटी बेचाळीसला जुळलं. बाईंनी फी घेतली छत्तीस हजार, बेचाळीसची नाही. खरेदी बायकोच्या नावावर केल्यानं मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली, म्हणजे बेचाळीस हजार वाचले. घरी हिशेब सांगितल्यावर बायको म्हणाली, "मग बाईंची फी मी दिली, आणि वर सहा हजार तुम्ही मला लागताय." ते अजून लागतोय.

दुसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्री मावशींचा फोन. "तुम्ही परड्याचं सांगितलासा. मग मीबी एक सांगतो. डाव्या पानावर मी लिवलेलं न्हाई. माझी नणंद हाय."

गोष्ट अशी. घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतनं घेतलेलं. ते १९८८ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मागं सासू, एक मुलगा, एक मुलगी. मुलगी गडहिंग्लजला दिलेली. तिनं तेव्हा साध्या कागदावर 'मला हिस्सा नको' असं लिहून दिलं आणि कार्डावर एकट्या भावाचं नाव लागलं. सासू नंतर गेली. पस्तीस वर्षं कुणी काही बोललं नाही. कार्ड स्वच्छ, जुन्या दस्तांची नोंद तपासलेला सर्च रिपोर्ट स्वच्छ. मला हे कुठल्याच कागदावरनं कळलं नसतं.

वकिलांनी डोक्याला हात लावला. १९५६ च्या वारसा कायद्यानं सासऱ्यांमागं तिघांना सारखा हिस्सा, सासूचा हिस्सा पुन्हा दोन्ही मुलांना. म्हणजे नणंदबाई अर्ध्याच्या मालकीण. हक्क सोडायचा तर तो नोंदणी केलेल्या दस्तानं सोडावा लागतो. साध्या कागदानं नोंद बदलते, मालकी जात नाही. मी खरेदी करून, भिंती पाडून, पाच लाख घालून बसलो असतो, आणि उद्या त्यांच्या नातवानं दावा लावला असता तर?

मावशींच्या भाच्याचं म्हणणं, नणंदबाईंना कशाला उठवायचं, पस्तीस वर्षं झाली. याच भाच्यानं आधी 'दहा लाख रोखीत द्या' म्हणून सुचवलं होतं. तेव्हा बाईंनी त्याला समजावलं होतं की घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोखीनं घ्यायला बंदी आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही रोख घेणाऱ्याला. म्हणजे दंड भरायची मावशी. तेव्हा तो गप्प झाला होता. नणंदेच्या बाबतीत त्याला मावशींनीच गप्प केलं. "मला माहीत असून लिवायचं न्हाई व्हय? हे पाव्हणं परड्याचं लपवू शकत होते की."

मी लपवलंच होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. वहीतलं माझं पहिलं पान मात्र तसंच आहे. 'इतर काही माहिती नाही' वर एक आडवी रेघ, बाजूला माझी सही.

नणंदबाई एसटीनं आल्या. एकाहत्तर वर्षं, हातात कापडी पिशवी, पिशवीत भावजयीसाठी गूळ. माळ्यावर चढताना त्यांना दोघांनी धरलं. बाईंनी त्यांच्यापुढं वही ठेवली आणि त्यांचा हक्क किती होतो ते आकड्यात सांगितलं. बेचाळीसचा अर्धा, एकवीस लाख. मी हबकलो. न सांगता त्यांनी सही केली असती. भाचा तर उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. नणंदबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अर्धं मोजायला मी आलेलो न्हाई. धाकट्या नातीला नर्सिंगला घातलीया. दहा लाख झाले की बास." मावशी म्हणाल्या, बारा घे. त्या म्हणाल्या, दहा म्हटलंय न्हवं. दोघींचं यावरनं जरा भांडणच झालं.

दहा लाखांचा चेक वेगळा निघाला. खरेदीपत्रात लिहून देणार चौघं: मावशी, मुलगा, मुलगी, नणंदबाई. पेपरात जाहीर नोटीस दिली, पंधरा दिवस थांबलो, कुणाची हरकत नाही. मोजणीचा सरकारी नकाशा, म्हणजे क प्रत, यायला वेळ गेला, पुण्याच्या मुलाला सुट्टी मिळेना. मार्चला सुरू झालेलं खूष खरेदीपत्र नोव्हेंबरात झालं. आठ महिने. दुसरा व्यवहार मी एका मोठ्या ऑफिसमार्फत तेवीस दिवसांत उरकला होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उरकला.

आता घसरलो ते. मंगळवार पेठेच्या व्यवहारानं माझ्या अंगात सत्य शिरलं होतं. पुढच्या वर्षी सायबर चौकाच्या मागं एक बैठं घर बघितलं, विद्यापीठ जवळ. मालक माझ्याच वयाचे. बाईंनी वही उघडायच्या आधीच मी सुरू झालो. इथं सहा पोरं ठेवणार, डोक्यामागं साडेतीन हजार, महिन्याला एकवीस, मेस शेजारच्या काकूंकडं लावणार, तीन वर्षांत अमुक. सगळं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं, मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाले, "मग मीच करतो की." आणि केलं. आता त्यांच्या गेटवर 'मुलांसाठी रूम उपलब्ध' असा बोर्ड आहे, मी रोज बघतो. बाई हसून हसून लाल झाल्या. "हे कुणी सांगायला सांगितलंतं तुम्हाला? समोरच्याचा हक्क सांगायचा म्हटलं, तुमचं डोकं न्हवं!" फी घेतली नाही. चहा मात्र माझ्याकडनं घेतला.

शाहूपुरीचा तो फ्लॅट मी २०२४ मध्ये बाईंमार्फतच विकला. या खेपेला डावं पान माझं. दोन्ही पुरांच्या पाण्याच्या खुणा कुठवर होत्या ते बाईंनी लिहायला लावलं. 'खिडकीच्या तिसऱ्या सळईपर्यंत' एवढं त्यांना पुरलं नाही. टेपनं मोजून, फरशीपासून इंचात. २०१९ चे बेचाळीस, २०२१ चे एक्कावन्न. पहिली तीन गिऱ्हाइकं पान वाचून गेली. चौथा आला तो फर्निचरवाला, त्याला गोडाऊन म्हणून हवा होता. त्यानं रॅक बावन्न इंचांच्या वर मारून घेतले आणि भाव पाडून घेतला. सरांना २०१९ मध्ये मी जे दिलं होतं त्यापेक्षा लाखभर जास्त आले, बाकीचं महागाईत आणि रंगात गेलं. त्या रात्री सरांचा नंबर काढला होता. लावला नाही.

आता एक तारा का कापला ते. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत, आणि संध्याकाळी उचलला तर 'उद्या या' म्हणतात. घासाघीस तुमच्या वतीनं करणार नाहीत. ज्यांना भाव पाडून देणारा माणूस पाहिजे त्यांनी दुसरीकडं जावं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत नाहीत, घर स्वतः जाऊन बघायचं. कर्जाच्या कागदांत शून्य मदत. पावती मागितल्यावरच मिळते, तीही चार चकरांनी. अक्षर गिचमिड. आणि चारचौघांत कान उपटतात, याचं मला अजून वाईट वाटतं. माझ्याच वर्कशॉपमधल्या पोरासमोर 'टेप आणलाय का' म्हणून विचारलं होतं एकदा, दुसऱ्याच कशावरनं. ज्यांना घाई आहे, ज्यांचं कर्जाचं मंजुरीपत्र तीन महिन्यांत संपतंय, त्यांनी आठ महिन्यांचा आकडा लक्षात ठेवावा.

जायचं असेल तर मंगळवार सोडून सकाळी साडेदहानंतर. बरोबर मिळकत पत्रिका नाहीतर सातबारा, घरफाळ्याची पावती, लाइट बिल, आणि स्वतःचं पेन. चहा त्या देत नाहीत. खाली जिन्यासमोर टपरी आहे, तिथं पाच मिनिटं थांबून आपल्याला काय काय ठाऊक आहे ते एकदा आठवून घ्या, कारण वर गेल्यावर 'बसा' म्हणायच्या आधी त्या हेच विचारतात: "घरवाल्याला काय काय सांगितलंय?"